आईच्या इंजेक्शनात काही सापडलं नाही

इंजेक्शन घेतलं की दोनेक तासांत आईला थंडी भरायची. दात वाजायचे, पलंग हलायचा, मग सणसणून ताप. तिची मूत्रपिंडं थकली होती, डायलिसिस चालू होतं आणि रक्त वाढावं म्हणून हे इंजेक्शन. बंद केलं तर ती पांढरीफटक पडणार, घेतलं तर हे. दवाखान्यात तेच एक मिळायचं. डॉक्टर म्हणाले, "होतं काहींना." त्या 'काहींना'चा मला भयंकर राग आला.

कारण मी वसईच्या एका औषध कारखान्यात तपासणीच्याच कामाला होते. जंतू मेले तरी त्यांच्या अंगातलं विष औषधात राहू शकतं, ते साध्या उकळण्याने जात नाही, आणि रक्तात गेलं की अशीच हुडहुडी भरते. ते शोधायचं हे माझं काम. समुद्रातल्या खेकड्यासारख्या एका प्राण्याच्या रक्तापासून केलेली पूड विरघळवायची, त्यात औषध घालायचं, नळी तासभर कोमट ठेवायची आणि उलटी करायची. आतलं दह्यासारखं घट्ट बसून राहिलं तर विष आहे. वाहिलं तर औषध चांगलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच ना? अर्नाळ्याहून चिंबोऱ्या आण, घरीच तपासू."

आमच्या साहेबांची परवानगी काढून मी तिच्या इंजेक्शनाची एक बाटली कारखान्यात नेली. नळी उलटी केली. वाहिलं.

"मुद्दाम विष घालून बघ," साहेब म्हणाले. "तेही दिसलं नाही तर चाचणी फसतेय म्हणायची." मी घातलं. नळी छान घट्ट झाली. म्हणजे चाचणी बरोबर, औषधही बरोबर. "झालं समाधान?" साहेबांनी विचारलं. विष घातलेलं उरलेलं औषध मी फ्रिजमध्ये ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीवर गेले.

परत आल्यावर काय डोक्यात आलं कोण जाणे, तेच पुन्हा तपासलं. वाहिलं! मी माझ्या हाताने घातलेलं विष गेलं कुठे? पुन्हा करून पाहिलं. ताजं घातलं की दिसायचं, काही दिवस मुरलं की दिसायचं नाही. ते औषधातच कशाला तरी बिलगून नळीपासून लपत असणार आणि आईच्या अंगात गेलं की मोकळं होत असणार, असं मला वाटलं. पण वाटण्याला कोण विचारतो? साहेब म्हणाले, "काचेला चिकटलं असेल, नाहीतर तुझा हात चुकला असेल." पूर्वी आमच्याकडे ससे होते. त्यांना औषध टोचून ताप येतो का ते बघत. ते बंद झालं तेव्हा मलाच सर्वांत जास्त आनंद झाला होता. आता ताप आला की नाही हे सांगायला माझ्यापाशी फक्त आई उरली होती.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिच्या बाटलीत काय सापडलं?"

"काही नाही."

"मग मी काय करू, सांगा?"

माझ्याकडे शंका होती, आणि शंकेने रक्त वाढत नाही.

पुढच्या वेळी नर्स सुई घेऊन आली तेव्हा मी पलंगाशी उभी होते. नको म्हणायला तोंड उघडलं होतं.

"हिने स्वतः तपासलंय हो, काही नाही त्यात," आई नर्सला कौतुकाने म्हणाली आणि तिने दंड पुढे केला.