पदकाच्या कडेला कोरलेलं नाव

सैन्यातले निवृत्त हवालदार काशिनाथप्पा बिरादार यांची नि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे. ती चूक या अमृतमहोत्सवी ग्रंथात कबूल केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

बीदरला मैलूरच्या रस्त्यावर माझं फोटोंच्या चौकटी करण्याचं दुकान आहे. देव, नवरानवरी आणि गेलेली माणसं, एवढंच माझं गिऱ्हाईक. एके दिवशी अप्पा रुमालात गुंडाळलेलं, काळं पडलेलं एक लष्करी पदक घेऊन आले. "काचेत बसव," इतकंच म्हणाले. मी कसला शहाणा! चिंचेनं घासलं, शेजारच्या बिदरी कारागिराच्या चाकावर धरून लखलखीत केलं, लाल मखमलीवर डिंकानं चिकटवलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

अप्पांनी काच काढायला लावली. पदक सोडवून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शिपायाचं नाव कडंला कोरलेलं असतंय, नागनाथ. तू नावच घासून टाकलास की."

दुसऱ्या दिवशी ते मला बसनं अफजलपूरकडच्या एका गावी घेऊन गेले. त्या शिपायाची बहीण तिथं एकटीच राहत होती; पदक तिचंच, अप्पांनी नुसतं चौकटीला आणलेलं. मी तिच्या पाया पडून केलेलं सांगितलं. त्या बाईंनी पदक हातात घेतलं. "जाऊ दे बाळा, नाव मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यामागं कोण घेणार, त्येचा घोर लागलाय." त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो.

पदकं मांडण्याची विद्या मला अप्पांनी शिकवली. मखमल नको, धुतलेलं साधं सुती कापड हवं. डिंक नको, रंगीत फीत मागून दोऱ्यानं टाचायची, म्हणजे उद्या कुणाला पदक परत न्यायचं झालं तर जखम होत नाही. काच पदकाला टेकता कामा नये. आमच्याकडच्या लाल दगडाच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून चौकटीमागं लाकडी पट्ट्या ठोकून वारा खेळता ठेवायचा. आणि पदकाखाली आरशाची बोटभर पट्टी तिरकी बसवायची, म्हणजे कडेवरचं नाव, उलटं का होईना, चौकट न उघडता वाचता येतं. ही पट्टी अप्पांची स्वतःची युक्ती. माझ्या चुकीनंतर सुचली, असं ते हसत हसत चारचौघांत सांगतात, आणि मी दर वेळी मान खाली घालतो.

त्यांच्या घरची पुढची भिंत अशा चौकटींनी भरली आहे. पहिलं पदक त्यांना भंगारवाल्याच्या पाटीत, पितळी नळांच्या ढिगात सापडलं होतं. तेव्हापासून गावोगाव हिंडून ते पदकं आणतात. पण त्यांचा एक नियम आहे. ज्या घरात "हे कुणाचं?" असं विचारणारं एक माणूस उरलंय, तिथलं पदक आणायचं नाही. ही भिंत ज्यांचं कुणी विचारत नाही त्यांची.

अक्का, म्हणजे अप्पांच्या पत्नी, गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. सकाळी फडकं घेऊन एकेक काच पुसतात, आरशात वाकून नाव मोठ्यानं वाचतात आणि क्षणभर थांबतात. पलटणीतली हजेरी ती. एकदा मी दारात उभा राहून ऐकली. दुसरा आवाज नाही त्या घरात.

माझ्या आईला अलीकडे काही लक्षात राहत नाही. तेच तेच विचारते, उत्तर मिळालं की विसरते. मी पोटचा पोर असून चिडतो. अप्पा मात्र तिच्यापाशी बसले की दहाव्यांदासुद्धा पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगतात. "इचारायली ना माय? मग चिडतोस कामून? न इचारणारं घर बघितलं न्हाईस तू."

पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा ते दुकानात आले आणि रुमाल सोडला. स्वतःची पाच पदकं!

"येची बी चौकट कर."

"कुठं लावायची अप्पा?"

"भिंतीवर. हजेरीत."

मी त्यांच्या मुलाचं नाव काढलं. तो दूर मोठ्या शहरात असतो. "इचारलो की. फ्लॅटात खिळा मारू देत न्हाईत म्हणे," अप्पा बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाले. "चालायचंच."

मला असा संताप आला म्हणून सांगू! जिवंत माणसानं आपलं नाव त्या भिंतीवर द्यायचं? पण गुरूंपुढं काय बोलणार? चौकट केली, माझ्या हातून झालेली सगळ्यांत चांगली. मात्र ती अजून त्यांना दिली नाही. काच हैदराबादहून यायचीय, दोरा मिळेना, अशा थापा मारत गेलो. आज सर्वांसमक्ष सांगतो, अप्पा, चौकट केव्हाच तयार आहे. माझ्या घरी, आईच्या खाटेसमोर लावली आहे.

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन आई विचारते, "हे कुणाचं रं?" मी आरशात वाकून तुमचं नाव वाचतो. दुपारी पुन्हा विचारते. मी पुन्हा वाचतो. आता चिडत नाही.

तेव्हा तुमच्याच नियमानं ही पाच पदकं तुमच्या भिंतीवर जाऊ शकत नाहीत. गुडघे सांभाळा, साखर सांभाळा, शंभरी गाठा आणि तोवर माझ्याशी यावरून हवं तितकं भांडा. पण भांडायला घरी या. काल तुमचं नाव ऐकल्यावर आई मला म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाला जेवायला कामून बोलवत न्हाईस?"