फुकटातलं रुखवत

घाटकोपरच्या भटवाडीत रुखवत म्हटलं की शेवंतीमावशी, हे पस्तीस वर्षं ठरलेलं होतं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी छोटी सुरी आणि खोबऱ्याची वाटी हातात घेतली. वाटीवर कोरलेलं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे नवरानवरी, नारळाला नेसवलेली नऊवारी. लग्नात वराकडच्या बायका वाकून वाकून बघायच्या. मावशी मात्र मांडून झालं की पदराला हात पुसत मागच्या दाराने निघायच्या.

त्यांचा एक नेम होता. ज्या मुलीला आई नाही, तिचं रुखवत फुकट. वर्षातून अशा दोन-तीन तरी व्हायच्याच. भटवाडीत त्यांना जो मान होता तो त्यामुळे.

माझी नोकरी सुटली तेव्हा मी मुलुंडहून त्यांच्याकडे शिकायला जायला लागले. सहा महिने शिकवलं, एक पैसा घेतला नाही. माझं पहिलं वृंदावन मधोमध तडकलं तेव्हा म्हणाल्या, "तुका जमतला गो."

जमलं. आणि मग मी अक्कल पाजळली. आधी फुकट द्या, नाव होऊ द्या, मग गिऱ्हाईक शोधत येतं, असं हल्ली जो उठतो तो सांगतो. मी पाच लग्नांची रुखवतं फुकट केली. माझ्या ओळखी सगळ्या मावशींकडे झालेल्या, म्हणजे घरं त्यांचीच. पाचव्या घरात तर आईचं आणि मोठ्या मुलीचं रुखवत मावशींनी केलं होतं. मला ते माहीत होतं. तरी गेले.

माझं नाव झालं. फोटो फिरले, हॉलवाले स्वतःहून लोकांना माझा नंबर द्यायला लागले, मी दर लावला. तिकडे मावशींना लोक विचारायचे, "गंधाली तर फुकट करते, तुम्ही कसले पैसे घेता?" दोन सीझन त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. त्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागल्याचं कानावर आलं. मी भटवाडीचा रस्ताच टाळला. धंदा आहे, असं चालायचंच, असं स्वतःला सांगायचे आणि रात्री उगाच नवऱ्यावर, मिहिरवर, चिडायचे.

गेल्या रविवारी शेवटी राहवेना म्हणून गेले. माफी मागायची, माझ्याबरोबर काम करा म्हणायचं, असं ठरवून.

"मावशी, माझं चुकलं," मी बसता बसताच म्हणाले.

"काय चुकला? लोक माका सांगीत, गंधाली फुकट करता. माका किती बरा वाटला. म्हटलं, माझो नेम कोणीतरी पुढे चालवता." त्यांनी मला चहा दिला. पीठ मळून मळून बोटं सुजली होती. "मागच्या महिन्यात त्या प्रांजलक तुझ्याकडे धाडलंय. पोरीक आई नाय. माझी बोटां आता वळनत नाय. लग्नाक पण जावक नाय मिळाला, गुडघे धरलेत. तिचा रुखवत केलंस मां?"

प्रांजल. मेसेज आला होता. मी सगळ्यांना पाठवते तसं दरपत्रक पाठवलं, खाली हसरा चेहरा. नंतर तिचं उत्तर आलं नाही. तेव्हा मी मिहिरला म्हटलं होतं, "आली आणखी एक फुकटी."

"हो," मी म्हणाले. "केलं."

मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. सुजलेली, तरी मोडली.

"आता सगळ्यांका तुझ्याकडेच धाडतलंय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, चहा संपवला, त्यांच्या पाया पडले. प्रांजलच्या मांडवात रुखवताच्या टेबलावर काय होतं, हे तिला विचारायला मला तोंड नव्हतं.