वकीलकाकांचा संथ फ्यूग

वकीलकाका पियानो ऐकत नसत, त्याची उलटतपासणी घेत. बरकतपुऱ्यात आमच्या समोर राहायचे. वकिली सुटली होती, सवय सुटली नव्हती. रविवारी चहा झाला की गच्चीवरून मला हाक, "जजसाहेब, या. कोर्ट बसलं."

खटला एकच. कुणा जुन्या जर्मन संगीतकाराचा प्रील्यूड, म्हणजे छोटी प्रस्तावना, आणि तिला जोडून फ्यूग. फ्यूगमध्ये एक आवाज सुरावट मांडतो, दुसरा तीच घेऊन मागून येतो, मग तिसरा, आणि कुणीच गप्प बसत नाही. "आमची बाररूम," काका म्हणत. मी मोबाइलवर एकेक वादक लावायची. काका प्लेअरवर आपली पियानोची एकुलती एक रेकॉर्ड. निकाल मी द्यायचा, आणि तो पटला नाही की अपीलही त्यांच्यापुढेच.

त्यांचा वादक सगळ्यांत संथ, स्वरही खालचा. "बाकीचे नुसते पळतात. हा ठैरून बोलतो. पट्टीसुद्धा स्वतःची घेतलीय." आम्ही दोघं गवई ऐकत वाढलेलो. प्रत्येकाची पट्टी निराळी, तशी याचीही असेल. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

मग तीच रेकॉर्ड मला मोबाइलवर सापडली. लावली, आणि खात्री करायला पुन्हा पहिल्यापासून लावली. हा बाबा तर भरधाव वाजवत होता, स्वरही इतरांएवढाच. काकांच्या प्लेअरची तबकडी फिरवणारं रबर सैल झालं होतं, म्हणून ती हळू फिरायची, दुसरं काय. ज्या ठहरावासाठी काका इतकी वर्षं भांडले, तो त्या माणसानं कधी वाजवलाच नव्हता. आता हे त्यांना सांगायचं कसं, या विचारानं माझा आठवडा वाईट गेला.

रविवारी सांगून टाकलं, ऐकवलंही. काका डोळे मिटून बसले. मला वाटलं, संपलं आपलं कोर्ट. तर हे ताडकन उठले. "अगं, हा तर नवाच वादक मिळाला आपल्याला! आणि आपला तो ठैरणारा?"

"तो नाहीच काका. ते रबर आहे."

"हौ. मग रबराची बाजू कोण मांडणार? लाव. आधी याचं, मग रबराचं."

काकू जेवायला हाका मारून थकल्या. आम्ही आपले ऐकतोय, भांडतोय, हसतोय. इतकी मजा मला कुठल्याच मैफलीत आली नाही.

काका गेल्यावर काकूंनी प्लेअर मला दिला. माझ्या कुकटपल्लीच्या घरी दुरुस्तीवाला आला, लावून बघितला आणि म्हणाला, "रबर ढीला है मॅडम. बदल देतूं?"

"नक्को," मी म्हटलं. तो फ्यूग तसा वाजवणारं आता जगात दुसरं कुणी नाही.