नाकमिस्त्रींच्या घरची शेगडी

गॅस गळत असल्याची शंका आली, की त्या भागातले लोक कंपनीला फोन करायच्या आधी नाकमिस्त्रींचं दार ठोठावत. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नसेल. मिस्त्री जिना चढता चढताच सांगत, "दुसऱ्या मजल्यावर, डावीकडचं घर. आणि नळी नाही, जोड ढिला झालाय." मग आपलं म्हणणं सिद्ध करायला जोडावर साबणाचा फेस लावत आणि त्यात बुडबुडे आले, की आजूबाजूच्यांकडे असं बघत, जणू हा गॅस त्यांनीच शोधून काढला. जन्मभर गॅस कंपनीत फिटरचं काम केलं. माणूस नाकासमोर चालणारा. कुणाची शेगडी अर्धवट सोडली नाही, की कुणाला उद्या येतो सांगून तोंड लपवलं नाही.

हे झालं बाहेरचं. घरात मात्र दिव्याखाली अंधार होता.

घरी एक जुनी कुकिंग रेंज होती, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन. एका बंद पडलेल्या हॉटेलातून मिस्त्रींनीच ती संसाराच्या सुरुवातीला आणली होती. मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हाच ओव्हनच्या दाराची स्प्रिंग गेली. बायको म्हणाली, "अहो, दार लागत नाही." मिस्त्री हात धूत म्हणाले, "रविवारी बघू." रविवार आला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला. पुढचाही तसाच गेला. शेवटी बायकोने, म्हणजे जिला सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणायची तिने, एक लाकडी स्टूल दाराला टेकवलं आणि त्यावर बसूनच पाव भाजायला सुरुवात केली. एक नॉब फुटला, तेव्हा मिस्त्रींनी पिशवीत हाताला लागला तो बसवला. तो चांगला दीडपट मोठा होता. दुसरा तडकला, त्याला तांब्याची तार गुंडाळली. तिसऱ्याची नुसती खुंटीच राहिली, ती बाई पक्कडीने फिरवत. चौथा तेवढा मूळचा. शेजारीण कधी म्हणायची, "अगं, फिटरच्या घरी ही दशा?" तर बाई म्हणत, "मग? डॉक्टरच्या घरी कुणी औषध घेतं का?"

पण पाव काय व्हायचा! डाव्या मागच्या कोपऱ्यात ओव्हन जास्त तापायचा, म्हणून अर्ध्यात साचा फिरवायचा. आतल्या ज्योतीचा आवाज बारीक झाला की पायाने स्टूल आणखी आत ढकलायचं. हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. मोडक्या वस्तूशी संसार केला, की माणूस तिच्या खोडी शिकतो.

घरातली एकच तक्रार मिस्त्रींनी कधी रविवारवर टाकली नाही. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "अहो, हल्ली इथे अंधारून आल्यासारखं वाटतं." मिस्त्री तसेच उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा बल्ब घेऊन आले आणि स्टुलावर चढून त्यांनी तो लावला. "आता?" त्यांनी वरूनच विचारलं. बाई म्हणाल्या, "हो, आता बरं आहे." पुढे पुन्हा तीच तक्रार आली, तेव्हा त्याहून मोठा आणला. स्वयंपाकघर इतकं लखलखायला लागलं, की समोरच्या इमारतीतला शिंपी चेष्टेने म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या उजेडात मी शिवण घेऊन बसू का?" मिस्त्रींना ते फार आवडलं. कुणी घरी आलं, की ते बल्बकडे बोट दाखवून म्हणत, "बघा, आमच्याकडे तक्रार आली आणि काम झालं!"

बिघाड बल्बचा नव्हताच. बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. तो कडेकडेने नजर खात आत येत होता. बाईंना हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्यांनी ते फक्त लेकीला सांगितलं. वर बजावलं, "बाबांना बोलू नकोस. शेगडी माझ्या हातात आहे तोवर मी धडधाकट. त्यांना कळलं की मला उठवून खुर्चीत बसवतील आणि स्वयंपाकाला कुणीतरी ठेवतील." रस्त्यावर बाई आता लेकीचा हात धरत. जिन्यात कठड्याचा आधार घेत. पण स्वयंपाकघरात त्यांना कुणाचीच गरज नव्हती. मोठा नॉब दुधाचा, तारेचा भाजीचा, खुंटी क्वचित लागणारी, गुळगुळीत तो चहाचा. नवऱ्याने वेळोवेळी केलेली ती ठिगळंच त्यांना वाट दाखवत होती. जगात तेवढी एकच जागा त्यांना डोळ्यांवाचून दिसत होती.

मिस्त्री निवृत्त झाले आणि सगळेच वार रविवार झाले. घरात बसायला लागल्यावर त्यांनी ती रेंज पहिल्यांदाच नीट पाहिली, आणि त्यांना खरोखर लाज वाटली. एवढ्या घरांतल्या शेगड्या सरळ केल्या आणि आपली बायको जन्मभर स्टुलाने दार दाबत बसली. त्यांनी ठरवलं, आता दुरुस्ती नाही, नवीच आणायची. तीही साधीसुधी नाही, पंख्याने गरम हवा आत खेळवणारा ओव्हन असलेली.

बाई चार दिवस लेकीकडे गेल्या. डोळे तपासायला गेल्या होत्या, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या चार दिवसांत डाव साधला. जुनी रेंज स्वतः सुटी केली. स्क्रू वेगळे, पत्रा वेगळा, पितळ वेगळं. असं भंगार भंगारवाल्यालाही कधी मिळालं नसेल. हत्यारांची पेटी उपसताना तळाशी कागदात गुंडाळलेली एक स्प्रिंग सापडली. ओव्हनच्या दाराचीच. कधीतरी आणली होती आणि विसरली होती. मिस्त्रींनी ती बोटांनी दाबून पाहिली. मग "आता काय करायची!" म्हणून तीही भंगारात टाकली.

बाई आल्या, तेव्हा मिस्त्री दारातच हात मागे बांधून उभे होते. "चल, आत चल. बघ!"

बाईंनी सवयीने हात पुढे केला. मोठा नॉब जिथे असायचा तिथे काहीच नव्हतं. हात थोडा सरकला तर काचेसारखं गार, सपाट काहीतरी लागलं. त्याच्याखाली ओळीने नॉब होते, सगळे एकाच मापाचे, एकसारखे गुळगुळीत.

"जुनी कुठे ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"गेली भंगारात! सुटली एकदाची ती गळ्यातली धोंड."

बाईंना काय वाटलं, ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. म्हणाल्या, "छान आहे हो." आणि स्टूल चाचपून त्यावर बसल्या. मिस्त्रींना वाटलं, आनंदाने पाय गळाले.

पहिला पाव कच्चा निघाला, कारण ओव्हन लागलाच नव्हता. काचेच्या त्या पट्टीवर बोट टेकवायचं असतं, ते भलतीकडेच टेकलं होतं. दुसरा वरून काळा झाला. बाई जुन्या सवयीने अर्ध्यात दार उघडायच्या, मग तिसरा बसकाच झाला. त्यात त्या पंख्याची अखंड घरघर. तिच्यापुढे ना ज्योतीचा आवाज कानावर यायचा, ना दूध वर यायची चाहूल लागायची. बाई हसून न्यायच्या, "नव्याचे नऊ दिवस. जमेल हळूहळू." मिस्त्री मात्र शिकाऊ पोराला शिकवावं तसे मागे उभे राहायचे. "अगं, साचा फिरवायचा नाही! पंखा कशाला दिलाय मग?" "डावीकडचं चिन्ह! तुझं डावं कुठलं?" आणि बाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. शेगडी लावायचं टाळत असल्याने जेवण आता थंडच जास्त असायचं. जिन्यात पावाचा वास येईनासा झाला, हे शेजाऱ्यांच्याही लक्षात आलं. आपलं काहीतरी चुकतंय, हे फक्त मिस्त्रींच्या लक्षात आलं नाही. एवढी चांगली वस्तू आणून दिली आणि हिला तिचं कौतुक नाही, या विचाराने ते उलट कष्टी होते.

एका सकाळी वर्तमानपत्र घेऊन ते जिना चढत होते. पहिल्या मजल्यावरच त्यांचं नाक थबकलं. पुढच्या वळणावर त्यांना कळलं की वास आपल्याच घरातून येतोय. ते धावतच आत गेले. ओव्हनचा पंखा घुरघुरत होता, दुधाचं पातेलं एका बर्नरवर होतं आणि भलत्याच बर्नरचा नॉब पूर्ण उघडा होता. ज्योत कुठेच नव्हती. पंख्याच्या घरघरीत गॅसची फुसफुस बाईंना ऐकू आली नव्हती आणि हळूहळू साचलेल्या वासाला त्यांचं नाक सरावलं होतं. बाई लायटर हातात घेऊन पेटवायच्याच बेतात होत्या. मिस्त्रींनी लायटर हिसकावला, नॉब बंद केला, खिडक्या धाडधाड उघडल्या आणि मग पोटातली सगळी भीती रागाने बाहेर आली.

"अगं, जीव गेला असता! डोळे कुठे होते तुझे?"

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "नाहीत हो आता. थोडं समोरचं दिसतं, नळीतून बघावं तेवढं. तेही जातंय."

मिस्त्रींना आधी अर्थच लागेना. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही पहिला बल्ब लावलात ना, तेव्हापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते की. तुम्ही बल्ब आणलात." बाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. "आणि मलाही वाटलं, बल्बच असेल. सगळे म्हणतात, तुमचं बिघाडाचं निदान कधी चुकत नाही. म्हणून मी पुढे कुठे दाखवायला गेलेच नाही. दोनदा बल्ब बदललात, दोन्ही वेळा मी म्हटलं, बरं आहे. इतक्या हौसेने चढला होतात वर."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वेळेत आला असतात तर डोळे राहिले असते, म्हणतात. आता गेलं ते गेलं, उरलंय ते थेंब घालून जपायचं."

मिस्त्रींनी मान वर करून बल्बकडे पाहिलं. जन्मभर लोकांच्या घरातला न दिसणारा गॅस हुंगून काढला आणि बायकोने तोंडाने सांगितलेलं कळलं नाही. घरातलं जे एक काम त्यांनी तातडीने केलं, त्यानेच घात केला. त्यापेक्षा "रविवारी बघू" म्हटलं असतं, तर कदाचित ती आपली आपण कुणाकडे तरी गेली असती.

दुपारी ते भंगारवाल्याकडे गेले. जुनी रेंज परत आणून होती तशी जोडायची, हेच त्यांच्या डोक्यात होतं. भंगारवाला हसला. "मिस्त्री, तुम्हीच तर खिळा न् खिळा सोडवून दिलात! असा माल एक दिवस राहतो होय? पत्रा वितळलासुद्धा असेल." मिस्त्रींनी नॉबचं विचारलं. तो तारेचा, तो मोठा? भंगारवाल्याने खांदे उडवले. चारचौघांत पाणउतारा व्हावा, तसे मिस्त्री रिकाम्या हाताने घरी आले.

घरी येऊन त्यांनी पेटीतून कानस काढली. नवी कोरी, चकचकीत रेंज, जिच्यावर ते कुणाला बोट उमटवू देत नव्हते, तिचे नॉब एकेक उपसून त्यांनी मांडीवर घेतले. पहिल्यावर एक खाच, दुसऱ्यावर दोन. तिसऱ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळली. चौथा गुळगुळीतच ठेवला. काचेच्या पट्टीवर लागतात तेवढ्या चिन्हांशेजारी जोडाला लावायच्या, वाळून कडक होणाऱ्या मसाल्याचे टपोरे ठिपके ठेवले. ओव्हनचा पंखा बंद करून नुसत्या ज्योतीवर भाजायची सोय होती, तिथे सगळ्यात मोठा ठिपका दिला. देखणी वस्तू पार विद्रूप झाली. बाई शेजारी बसून कानशीचा आवाज ऐकत होत्या.

"अजून काय सलतंय ते सांग," मिस्त्री म्हणाले.

"सांगू? तो बल्ब काढा. डोळ्यांत खुपतो. पहिल्या दिवसापासून खुपतोय."

मिस्त्री स्टुलावर चढले. हा बल्ब त्यांना लावताना जेवढा हलका लागला होता, तेवढा काढताना लागला नाही.

चार दिवसांनी पाव झाला. पंखा बंद होता, त्यामुळे ज्योत ऐकू येत होती. बाईंनी अर्ध्यात साचा फिरवला. मिस्त्री मागे उभे न राहता शेजारी, जमिनीवर बसले होते. एक बाजू थोडी करपली, पण वास जिन्यात गेला आणि शेजारीण वाटी घेऊन दारात आली. ती गेल्यावर बाईंनी चहा ठेवला. नॉबवरून बोटं फिरवता फिरवता थांबल्या आणि गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "ही दुसरी खाच जरा बोथट लागते हो. काही घाई नाही. रविवारी बघा."

मिस्त्रींना हसता आलं नाही. ते उठले, पेटीतून कानस घेतली, नॉब काढला, खाच खोल केली आणि पुन्हा बसवला. चहा अजून उकळलाही नव्हता.