तिसरी पिन

बाबा दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत, माय लोकांच्या वावरात कापूस वेचायची. दोघांच्या एका हंगामाच्या मजुरीतून मी बारावीत असताना घरात जुना कॉम्प्युटर आला. एका दुपारी लाइट गेली, आली ती धडाक्यानं आली, आणि कॉम्प्युटरमधून धूर निघाला. माय त्याच्यासमोर बसून राहिली, जणू घरातलं जनावर दगावलं.

आमच्या बोर्डाला दोनच भोकं होती. म्हणून बाबांनी पकडीनं प्लगची तिसरी पिन मोडली होती. आमच्याकडे कूलर येवो की मिक्सर, सगळे हेच करतात. "तिसरी कायले लागते? दोन्हीवर चालते ना!"

ती कायले लागते, हे मला कॉलेजात कळलं: ती अर्थिंगची, जास्तीचा करंट जमिनीत नेणारी. जीपला लटकून जाऊन मी बीएस्सी झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शिकवण्या घेऊन दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि घरून करायच्या कामासाठी एका कंपनीत अर्ज केला. अट अशी, की परीक्षा घरच्याच कॉम्प्युटरवर द्यायची. मधेच बंद पडला तर संधी गेली.

मग मी घरामागे खड्डा खणायला घेतला. आत लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या.

"काहून वो, कोणाच्या नावानं पुरून राह्यली हे मीठ-कोळसा?"

"लाइटच्या नावानं, काकू."

"शिकली-सवरली पोरगी अन् करणी करते!"

माय घाबरली. "लोक काय म्हणतीन वो?" मी म्हटलं, "म्हणू दे. तू फक्त रोज त्यात बादलीभर पाणी टाक." ओल राहिली तरच जास्तीचा करंट जमिनीत उतरतो. वायरमननं पाइपाची तार बोर्डाला जोडली, तीन भोकांचं सॉकेट बसवलं. व्होल्टेज चढलं की आपोआप तोडणारा स्टॅबिलायझर आणला, त्यापुढे यूपीएस. बाबा म्हणाले, "एका डब्ब्यासाठी एवढी फौज?"

परीक्षेच्या दिवशी पेपर अर्ध्यावर आला आणि पंखा थांबला. यूपीएस टीं-टीं करायला लागला. माय दारात उभी राहून कधी पंख्याकडे, कधी स्क्रीनकडे पाहत होती. स्क्रीन चालू होती. इंटरनेट मोबाइलवरचं, तेही टिकून होतं. मी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं लाइट आली, तशीच, धडाक्यानं. स्टॅबिलायझरनं खट्‌ करून लाइन तोडली. शेजारून काकूंचा आवाज आला, "अवो, माह्या टीव्हीतून धूर निघून राह्यला वो!" माझा पेपर यूपीएसवर चालूच होता. मी शेवटचं उत्तर भरलं, पेपर पाठवला, आणि मगच माय खाली बसली.

माझी निवड झाली. आमच्या घरातली महिन्याच्या पगाराची पहिली नोकरी मला लागली आणि ती मी याच घरातून करते.