फाटकाबाहेरचा दाजी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही भित्रेपणाच?

शिरोड्याला माझे वडील रापणीवर जाळं ओढायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पुढे परराष्ट्र खात्यात लागलो तेव्हा मी वडिलांना वकील केलं आणि गाव पुणे सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं — मीच सांगितलं.

पहिली नेमणूक एका अरब बंदरात होती. वर्षभरात तिथलं राज्य उलथलं, रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. आपल्या माणसांना न्यायला एक बोट आली आणि वकिलातीच्या फाटकाशी झुंबड उडाली. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. गोव्याचे खलाशी बोटीवर घ्यायचे नाहीत, असं साहेबांनी बजावलं होतं.

गर्दीतून एक खलाशी पुढे आला. त्याचे कागद जहाजाबरोबर जळाले होते. मला बघून तो हसला.

"बाबल्याचो झील मा रे तू? सुटातसुद्धा बापाशीसारखोच दिसतस."

आमच्या वाडीतला दाजी. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा.

साहेब उत्तरेकडचे. त्यांनी मला विचारलं, हा गोव्याचा की आपला? तुम्हाला बोलण्यावरून कळेल.

न कळायला काय झालं? अलीकडच्या शिरोड्याचा कोण आणि हद्दीपलीकडच्या, गोव्यातल्या पेडण्याचा कोण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण 'आपला' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तुम्ही याला कसे ओळखता?

"गोव्याचा वाटतो," मी म्हणालो. इंग्रजीत — दाजीला कळू नये म्हणून.

बोट गेली. दाजीला नव्या राजवटीने परका म्हणून तुरुंगात टाकलं. मला बढती मिळाली. कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवलं, असा शेरा होता.

काही वर्षांनी रजेवर गावी गेलो. दाजी सुटून आला होता, एक पाय ओढत चालायचा. देवळापाशी त्याने माझा हात धरून मला चारचौघांत नेलं.

"हो आमचो सायब. थंय भेटलो, पण कामाच्या घाईत तेणा माका वळखूक नाय."

वडील शेजारीच उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"होय दाजी," मी म्हणालो, "खूप गडबड होती थंय."

तेवढं मात्र मी मालवणीत म्हणालो.