शोकसभेतली पत्रकं

प्रभाताईंचा जीव या पंचगिरीला कधीचाच विटला होता. जर्मनीतल्या आखनमध्ये कुणी कुणाचा अपमान केला, तर कोर्टाच्या आधी शीड्सफ्राऊची पायरी चढावी लागते. शीड्सफ्राऊ म्हणजे शहरानं निवडलेली बिनपगारी पंचबाई. दहा वर्षं हे काम त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी चालत आलं होतं. कुणाचं कुंपण, कुणाचा कुत्रा, कुणी कुणाला गाढव म्हटलं. ऐकून ऐकून कान किटले, पण पद काही सुटेना. सुटेना कसलं, सोडवेना! तेहेतीस वर्षांत या देशानं दिलेला तेवढाच एक मान होता.

आज टेबलाच्या दोन टोकांना नागेश आणि प्रसन्न बसले होते. दोघेही इंजिनियर, एके काळी एका ताटात जेवणारे. सप्टेंबरात शहराच्या परदेशी नागरिकांच्या समितीसाठी दोघंही एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि दोघंही पडले. प्रचाराच्या दिवसांतच नागेशचे वडील गेले होते आणि मराठी मंडळानं शोकसभा ठेवली होती. मग प्रसन्ननं मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'बापाच्या शोकसभेत मतं मागणारा माणूस.' दोनशे लोकांनी ते वाचलं. नागेशनं तक्रार ठोकली.

"पूर्वी इथं अशा शब्दावर तलवारी निघायच्या, ताई," नागेश म्हणाला.

"मग काढ की," प्रसन्न म्हणाला. "चहाच्या किटलीशेजारी तुझी पत्रकं होती. मी डोळ्यांनी पाहिलीत."

"मी नव्हती ठेवली. वडिलांची शपथ."

"गेलेल्या माणसाची शपथ स्वस्त असते."

नागेशचा चेहरा उतरला. तो कोटाची बटणं लावू लागला. आता 'समेट झाला नाही' एवढा दाखला प्रभाताईंनी लिहायचा, की प्रकरण कोर्टात आणि वीस वर्षांची मैत्री मातीत.

त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. पत्रकं त्यांनीच ठेवली होती. नागेशचा गठ्ठा मंडळाच्या स्वयंपाकघरात पडून होता. एवढी माणसं पुन्हा कधी जमायची, असा विचार करून त्यांनी तो किटलीशेजारी मांडला. चांगुलपणा नडतो तो असा. पुढे बोभाटा झाला, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या, कारण नोव्हेंबरात त्यांची पाच वर्षांसाठी फेरनिवड व्हायची होती. झालीही.

"बस, नागेश," त्या म्हणाल्या. "पत्रकं मी ठेवली होती."

नागेश पुन्हा खुर्चीत बसला.

"चार महिने गप्प बसलात?" प्रसन्ननं विचारलं.

"बसले."

"आणि आज आमचा न्याय करायला बसलात," नागेश म्हणाला.

प्रसन्न उठला. नागेशकडे न बघता म्हणाला, "चल. ग्रुपवर माफी मागतो तुझी."

दोघं बरोबर बाहेर पडले. एरवी दारातून 'येतो, ताई' म्हणणारी माणसं, आज एकानंही म्हटलं नाही. जिन्यात त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, आणि ते प्रभाताईंबद्दलच होतं.

प्रभाताईंना लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकवा. त्यांनी फॉर्मवर 'समेट झाला' असं लिहून सही केली. मग एक कोरा कागद ओढला, वर 'राजीनामा' लिहिलं आणि आजची तारीख घातली.